पियानोचं शीट म्युझिक: प्रिंट काढण्याआधी आणि वाजवताना या चुका टाळा

बाख या संगीतकाराच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' या संग्रहातला पहिला प्रील्यूड (छोटा तुकडा), तो सी मेजरमधला, तुमच्याकडे असेल तर आधी त्याचे बार (उभ्या रेघांमधले कप्पे) मोजा. 35 भरले तर प्रश्न नाही. 36 भरले तर त्यातला एक बार बाखचा नाही.

हा आगंतुक बार 22 आणि 23 यांच्या मधोमध बसलेला असतो. तिथे बाखचा बेस (सगळ्यात खालचा स्वर) एफ-शार्पवरून थेट ए-फ्लॅटवर जातो, मधला जी ओलांडून (शार्प म्हणजे लगतची वरची पट्टी, फ्लॅट म्हणजे लगतची खालची). ही उडी कुणाला तरी खटकली असावी. श्वेंके नावाच्या संगीतकाराने 18व्या शतकाच्या अखेरीस हाताने उतरवलेल्या प्रतीत मध्ये जी असलेला एक बार दिसतो. पुढे चेर्नी या पियानोशिक्षकाने आपल्या आवृत्तीत तो ठेवला आणि तिथून तो असंख्य छापील प्रतींत पसरला. बाखच्या स्वतःच्या हातच्या 1722च्या प्रतीत तो नाही. ऐकायला तो अगदी सुरळीत वाटतो, म्हणूनच सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

गोची होते ती साथीला बसल्यावर. गुनो या संगीतकाराने याच प्रील्यूडवर आपली 'आवे मारिया' ही प्रार्थना बेतली आणि ती या जादा बारसकट. वसईत किंवा गोव्यात चर्चमधल्या लग्नात गायिका गुनोच्या कागदावरून गातेय आणि पियानोवाला बाखच्या शुद्ध प्रतीवरून वाजवतोय, असं झालं तर 22व्या बारनंतर दोघं एकमेकांना शोधत बसतात. तालमीच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बार मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

छापलेली प्रत्येक खूण संगीतकाराची समजणं

नेटवर फुकट मिळणाऱ्या प्रती बहुतेक जुन्या असतात. 2006 साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या फुकट शीट म्युझिकच्या संकेतस्थळावर एकाच तुकड्याच्या पाच-सहा आवृत्त्या सहज सापडतात आणि आपण यादीतली पहिली उचलतो. ती 19व्या शतकातली असेल तर त्यातले क्रेसेंडो (आवाज वाढवत नेण्याची खूण), स्लर (स्वर जोडून वाजवण्याची कमान), पेडलच्या खुणा, मेट्रोनोमचे (वेगाचे) आकडे यांतलं बरंच काही संपादकाच्या पदरचं असतं. चेर्नीच्या बाखमध्ये तर वेग आणि आवाजाच्या सूचनांची रेलचेल आहे, मूळ प्रतीत त्या जवळपास नाहीतच. चेर्नीचं मत ऐकण्यासारखं जरूर आहे, पण ते चेर्नीचं आहे हे ठाऊक असावं.

यावर उपाय म्हणजे उर्टेक्स्ट आवृत्ती. हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती ताडून, संगीतकाराने लिहिलं तेवढंच देण्याचा तिचा प्रयत्न असतो. निळ्या मुखपृष्ठाची हेन्ले (1948 पासून), बेरेनरायटर आणि विएन्ना उर्टेक्स्ट ही ओळखीची नावं. महाग असतात, कबूल. पण वर्षानुवर्षं वाजवायचं पुस्तक असेल तर पैसे तिथेच घालावेत, दर ग्रेडला नव्याने लागणाऱ्या किरकोळ गोष्टींवर नाही. मात्र उर्टेक्स्टमधलं फिंगरिंगसुद्धा (कुठल्या पट्टीला कुठलं बोट) बहुतेक वेळा संपादकाचंच असतं. तुमचा हात लहान असेल तर टीचरना विचारून खुशाल बदला.

बेथोवनच्या 'फ्युर एलिझ'चं दुखणं वेगळं. ती पहिल्यांदा छापली गेली 1867 मध्ये, बेथोवन जाऊन 40 वर्षं झाल्यावर. ज्या हस्तलिखितावरून ती छापली ते नंतर हरवलं. त्यामुळे सातव्या बारमध्ये उजव्या हाताची दुसरी नोट ई की डी, यावर आवृत्त्यांचं आजही एकमत नाही. टीचरच्या पुस्तकात एक आणि तुमच्या प्रिंटआऊटमध्ये दुसरं दिसलं तर कुणाचीही छपाईची चूक समजू नका. आणि 'फ्युर एलिझ' एका पानात संपत असेल तर ती पूर्ण नाही. त्या ओळखीच्या सुरावटीनंतर आणखी दोन वेगळे भाग येतात, आणि अवघड जागा तिथेच आहेत.

बेथोवनचा 'मूनलाइट' सोनाटा थेट 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर काढणं

पहिला बार वाजतो. दुसऱ्या बारमध्ये डावा हात बी-च्या ऑक्टेव्हवर (खालचा आणि वरचा बी एकत्र) उतरतो आणि खालच्या बी-ची पट्टीच नसते, कारण असा कीबोर्ड साधारण त्याच्या वरच्या सी-पासून सुरू होतो. तुमचं काही चुकलेलं नाही, वाद्य अपुरं आहे. तात्पुरतं वरच्या बी-वर भागवा, पण त्याची सवय लावून घेऊ नका.

चौथ्या बारमध्ये बी-शार्प येतो. बरेच जण तिथे काळी पट्टी शोधतात. बी आणि सी यांच्यात काळी पट्टी नाहीच, म्हणून बी-शार्प म्हणजे सरळ पांढरा सी. याच सोनाटात पुढे एफ डबल-शार्प (दोन पट्ट्या वर) भेटेल, तो जी-च्या पट्टीवर. शिवाय बारमध्ये एकदा आलेला शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल (शार्प-फ्लॅट रद्द करणारी खूण) त्याच ऑक्टेव्हमध्ये बार संपेपर्यंत लागू राहतो. एखादी जागा सतत बेसूर वाटत असेल तर बोटांना दोष देण्याआधी त्याच बारमध्ये मागे काही सुटलंय का, ते बघा.

सुरुवातीला 'सेन्झा सोर्दिनो' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पेडलला हात, म्हणजे पाय, लावू नका असा घेतला जातो, आणि तो बरोबर उलटा आहे. इथे सोर्दिनो म्हणजे तारांचा नाद थांबवणारे डॅम्पर. ते उचललेले ठेवा, म्हणजेच पेडल वापरा. बेथोवनच्या काळच्या पियानोत नाद लवकर विरायचा. आजच्या पियानोवर सबंध भाग एकाच पेडलवर ठेवला तर सगळं गढूळ होतं, म्हणून कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलला की पेडलही बदला.

परीक्षेतल्या चुका

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत मंडळाच्या परीक्षेत दा कापो (सुरुवातीपासून पुन्हा) आणि दाल सेन्यो (खुणेपासून पुन्हा) पाळायचे असतात, पण साधे रिपीट (एखादा भाग लगेच पुन्हा वाजवणं), ते अगदी छोटे नसतील किंवा सिलॅबसने सांगितलं नसेल तर, घ्यायचे नसतात. घरी रिपीटसकट पक्कं केलेलं मूल परीक्षेत आपोआप मागे जातं, म्हणून शेवटचे काही आठवडे परीक्षेसारखंच वाजवून घ्या. मूळ तुकड्याची आवृत्ती सहसा कुठलीही चालते. मात्र सिलॅबसमध्ये विशिष्ट अरेंजमेंट (दुसऱ्याने बदलून बसवलेलं रूप) दिलं असेल तर तेच लागतं.

झेरॉक्स आणि कॉपीराइट

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. शोपाँ, लिस्ट केव्हाच मोकळे झाले. 1953 मध्ये गेलेला प्रोकोफिएव्ह 2014 पासून मोकळा, पण 1975 मध्ये गेलेला शोस्ताकोविच अजून नाही. जुन्या संगीताच्या आजच्या आवृत्तीत संपादकाचं काम वेगळं संरक्षित असू शकतं, म्हणून मित्राकडचं नवं पुस्तक अख्खं झेरॉक्स करण्याआधी थांबा.

प्रिंटबद्दल थोडकंच. जुनी स्कॅन पानं ए-फोरपेक्षा मोठी असतात, मापात बसवताना नोटा बारीक होतात. आधी स्कॅनचे कोरे समास कापा, मग छापा. साध्या 70 जीएसएमच्या कागदावर मागची बाजू आरपार दिसते, 100 चा घ्या. पाठपोट छापताना पान कुठे उलटावं लागेल ते बघून ठेवा. दोन्ही हात भरलेले असताना पान उलटायची वेळ आली, तर पहिलं पान एका बाजूनेच छापून पुढचं त्याला टेपने जोडा.