गुदाशय बाहेर येतोय? ऑपरेशनच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

संडासला बसलं की लालसर गोळा बाहेर येतो, हाताने आत ढकलावा लागतो आणि घरात सांगायची लाज वाटते, म्हणून वर्षानुवर्षं मूळव्याध समजून मलमं लावणारे खूप आहेत, त्यात वयस्कर बायका जास्त. पहिली चूक हीच. मूळव्याधीचे कोंब सुटे सुटे दिसतात, मधे उभ्या खाचा असतात. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, पूर्ण बाहेर आला असेल तर एकात एक बांगड्या ठेवल्यासारख्या गोल वळ्या दिसतात. यावर एसटी स्टँडजवळच्या "खात्रीशीर इलाज" बोर्डवाल्याकडून इंजेक्शन तर अजिबात घेऊ नका.

दुसरी गोष्ट, दवाखान्यात आडवं झोपल्यावर बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि पेशंट तसाच परत येतो. घरी बाहेर आल्यावर मोबाईलवर फोटो काढून सर्जनला दाखवा, नाहीतर तिथल्या कमोडवर बसून कुंथून दाखवा, त्यांना हे रोजचंच आहे. कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, सांगितली तर टाळू नका, आत गाठ वगैरे नाही ना हे बघायचं असतं.

आता ऑपरेशन. दुर्बिणीने पोटातून गुदाशय वर ओढून पाठीमागच्या त्रिकास्थीला (माकडहाडाच्या वरच्या हाडाला) टाक्यांनी किंवा जाळीने बांधतात, त्याला रेक्टोपेक्सी म्हणतात. दुसरं खालून, म्हणजे गुदद्वाराकडून करतात, डेलॉर्म किंवा अल्टेमायर नावाच्या पद्धतीने, ते कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊनही होतं म्हणून हार्टवाल्या, थकलेल्या पेशंटला सोयीचं. खालून केलं की परत बाहेर येण्याची शक्यता साधारण जास्त धरतात, पण २०१३ मध्ये छापून आलेल्या ब्रिटनच्या प्रॉस्पर ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवर केलेल्या तुलनेच्या अभ्यासात, दोन्हींत ठळक फरक दिसला नव्हता, त्यामुळे "आईला खालचंच का सुचवलं" म्हणून लगेच डॉक्टरवर संशय घेऊ नका, नीट विचारा. बद्धकोष्ठता आधीपासून असेल तर ते मुद्दाम सांगा, कारण गुदाशय मागून मोकळा करून बांधला की ती वाढू शकते, फक्त पुढून जाळी लावायच्या पद्धतीत हा त्रास कमी होतो. तरुण पुरुषांनी लैंगिक नसांना धोका किती तेही विचारावं, संकोच नको.

आणि सगळ्यात मोठी चूक घरी आल्यावर! गोळा दिसत नाही म्हणजे बरं झालं असं वाटतं आणि परत तेच, मोबाईल घेऊन अर्धा तास संडासात, कुंथणं चालूच. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळीने शौच अजून कडक होतं, तेव्हा सोबत मऊ करणारं औषध लिहून घ्या. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर, चमचाभर घेऊन दोन घोट पाणी प्यायलात तर उलट घट्ट होतं. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंडं साधारण सहा आठवडे उचलू नका, खोकला असेल तर त्याचाही इलाज करा.

शौच नकळत सुटत असेल तर ते ऑपरेशननंतर लगेच थांबेल असं नाही. बऱ्याच जणांत फरक पडतो, पण सावकाश, काही महिने जातात, कारण वर्षानुवर्षं ताणलेला स्नायू एका रात्रीत आवळत नाही, काहींना थोडा त्रास राहतोही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि मधेच सोडू नका.

ऑपरेशनची तारीख लांब असताना गोळा सुजून आत जाईना, काळानिळा पडला किंवा खूप दुखायला लागला तर मात्र तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.