दुसऱ्या दिवशीची सकाळ: चॅरिटी वॉकच्या टीमची तयारी

तीन दिवस, रोज तीस किलोमीटरच्या आसपास चाल आणि सोबत निधी गोळा करण्याची जबाबदारी, असा अनेक चॅरिटी वॉकचा आराखडा असतो. धडधाकट माणसाला थोड्या सरावाने एका दिवसात तीस किलोमीटर चालता येतात. अवघड असते ते दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाय पुन्हा बुटात घालणे. ही यादी त्या सकाळच्या हिशेबाने लिहिली आहे.

सुरुवात नियमपत्रकापासून करा, आणि ते टीममधल्या प्रत्येकाने वाचा. नोंदणी शुल्क निधीत धरतात का? बहुधा धरत नाहीत. किमान निधी माणशी आहे की टीममागे, आणि कोणत्या तारखेपर्यंत जमा व्हायला हवा? तो कमी पडला तर काही ठिकाणी चालू देत नाहीत, काही ठिकाणी उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. एकाकडे जास्त जमलेले पैसे दुसऱ्याच्या नावावर वळवता येतात का, हे तर आधीच विचारून ठेवा, कारण शेवटच्या आठवड्यात टीममध्ये कुरबुरी होतात त्या यावरूनच. त्याच पत्रकातून रोजची सुरुवात, विश्रांतीच्या ठिकाणांतले अंतर, दिवसाची अंतिम वेळ, मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी आणि मुक्कामी पोहोचवल्या जाणाऱ्या सामानाची वजनमर्यादा टिपून घ्या. टीमने एकत्रच संपवायचे असा नियम आहे का, तेही बघा. ऑक्सफॅम ट्रेलवॉकरसारख्या उपक्रमात चौघांच्या टीमने १०० किलोमीटर पार करायचे असतात आणि रात्रीही चालावे लागते. त्याची तयारी वेगळी. इथे रोज संध्याकाळी मुक्काम करणाऱ्या वॉकबद्दलच लिहिले आहे.

टीम चार ते सहा जणांची सोयीची पडते. कामे वाटून घ्या: एकाकडे आयोजकांशी बोलणे, एकाकडे निधीचा हिशेब, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे वेळ आणि नकाशा. सर्वांत वेगाने चालणाऱ्याला कप्तान करू नका. तो पुढे निघून जातो आणि निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा मागे काय चालले आहे हे त्याला माहीतच नसते. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा. त्याला पुढे किंवा मध्ये ठेवा, शेवटी कधीच नाही. शेवटचा माणूस विश्रांतीच्या जागी पोहोचतो तेव्हा बाकीचे उठायच्या तयारीत असतात, म्हणजे ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ भांडणे टळतात. कुणाला थांबावे लागले तर सोबत कोण राहणार आणि बाकीचे पुढे जाणार का, हेही निघण्याआधीच ठरवा. दमलेल्या माणसांनी भर रस्त्यात घेतलेले निर्णय फारसे शहाणपणाचे नसतात.

निधीचे काम सरावाबरोबरच सुरू करा. पहिले पैसे स्वतःचे आणि अगदी जवळच्यांचे टाका, कारण शून्य आकडा दिसणाऱ्या ऑनलाइन पानावर पहिली देणगी द्यायला लोक बिचकतात. गटावर एकच निवेदन टाकून वाट बघण्यापेक्षा एकेकाला नावाने निरोप पाठवा. त्यात संस्था कोणती, पैसा कशासाठी, तुम्ही किती चालणार आणि किती रकमेची अपेक्षा आहे, हे चार ओळींत लिहा. रक्कम न सांगता मागितले की देणारा अडखळतो आणि विचार पुढे ढकलतो. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच भर घालण्याची योजना असेल तर अर्ज लवकर करा, त्या मंजुरीला वेळ लागतो. रोख आलेली रक्कम त्याच दिवशी वहीत नोंदवून दोन-तीन दिवसांत भरून टाका.

सरावाला सोळा आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातून तीन दिवस पाच ते आठ किलोमीटर आणि एक दिवस लांब चाल. लांब चाल आठ-दहा किलोमीटरपासून सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत अठरा-वीसवर न्या. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. दम महिनाभरात वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. नडगी आणि टाच दुखू लागते ती बहुतेकदा या घाईने. बाराव्या-तेराव्या आठवड्यात या सरावातला सर्वांत मोलाचा भाग येतो: लागोपाठ दोन दिवस लांब चाल, पहिल्या दिवशी पंचवीस किलोमीटर, दुसऱ्या दिवशी वीस. अशी जोडी दोनदा तरी करा, त्यातली एक पूर्ण टीमने, भरलेली सॅक घेऊन आणि वॉकच्याच बुटांत. शेवटची मोठी चाल वॉकच्या दोन-तीन आठवडे आधी संपली पाहिजे. त्यानंतर अंतर निम्म्यावर आणा, शेवटच्या आठवड्यात त्याहून कमी. राहून गेलेला सराव या दिवसांत भरून काढता येत नाही, पाय मात्र दुखवून घेता येतात.

मार्गात उतार असतील तर उतारांचा सराव वेगळा करा. चढाला दम लागतो, पण मांड्यांची खरी वाट उतार लावतो. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्याचे दुखणे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी शिगेला पोहोचते, म्हणजे नेमके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

आता पाय. या यादीतला हा भाग घाईने वाचू नका.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो. चालताना वापरायचे मोजे घालूनच बूट पायात घाला आणि उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का ते बघा. रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागणे स्वाभाविक आहे. वॉकच्या आधी त्या बुटांनी शंभरेक किलोमीटर चालून झालेले असावे, पण तळ झिजलेलाही नसावा. शक्य असेल तर सवयीचे दोन जोड न्या आणि आलटून-पालटून घाला. ओला बूट वाळतो आणि दुसऱ्या जोडाचा दाब पायाच्या वेगळ्या जागी पडतो. उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. त्यासाठी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून लेस ओवून टाच घट्ट बसवा, पुढचा भाग सैल राहू द्या. नखे चार दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कापलेले नख कोपऱ्यात बोचते.

फोड येण्यासाठी ओल आणि तेच ते घर्षण एवढे पुरते. सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो, त्वचा मऊ पडते आणि सोलवटते. म्हणून कृत्रिम धाग्याचे किंवा मेरिनो लोकरीचे मोजे घ्या. बोटे एकमेकांवर घासत असतील तर पाच बोटांचे मोजे उपयोगी पडतात. दिवसाच्या मध्यावर मोजे बदला, आणि बदलताना पाय पाच मिनिटे उघडे ठेवून कोरडे होऊ द्या. नेहमी चावणाऱ्या जागा सरावात कळलेल्या असतात. तिथे झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी निघण्याआधी, कोरड्या पायाला, कोपरे गोल कापून आणि सुरकुती न पडू देता लावा. पट्टीखाली पेट्रोलियम जेली लावली तर पट्टी तासाभरात गोळा होऊन स्वतःच टोचू लागते. जेली मांड्या, काखा आणि सॅकच्या पट्ट्यांखालच्या जागांसाठी ठेवा आणि दुपारी पुन्हा लावा, कारण घाम वाळून उरलेले मीठ सँडपेपरचे काम करते.

चालताना एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबा. पुढच्या थांब्यावर बघू म्हणत गेलेल्या दोन किलोमीटरमध्ये फोड तयार होतो. मोजा काढा, खडा किंवा सुरकुती शोधा, जागा पुसून पट्टी लावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि टीमने त्यासाठी थांबणे गृहीत धरावे. छोटा, न दुखणारा फोड फोडू नका. मोठा आणि दुखरा असेल तर हात आणि जागा धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढा. वरची कातडी मात्र तशीच ठेवून झाका, तीच खालच्या जखमेचे संरक्षण करते. मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाची संवेदना कमी असलेल्यांनी हे स्वतः करू नये, वैद्यकीय तंबूत जावे.

पाण्याबाबत चूक दोन्ही बाजूंनी होते. कमी प्यायले तर डोके दुखते, लघवी गडद होते, चाल मंदावते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त पिण्याचा धोका मात्र हळू चालणाऱ्यांनाच अधिक असतो: तासन्‌तास, प्रत्येक थांब्यावर, तहान नसतानाही नुसते पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते. बोटे सुजणे, मळमळ, डोकेदुखी, पुढे गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय मदत बोलवा. तहानेप्रमाणे प्या. साधारण ताशी अर्धा लिटर धरा आणि ऊन व घाम पाहून कमी-जास्त करा. उन्हाच्या दिवशी खारट खाणे किंवा ओआरएस जोडीला असू द्या. पुडी जेवढ्या पाण्यात मिसळायला सांगितली आहे तेवढ्याच पाण्यात मिसळा.

खाण्याचा नियम छोटा आहे: दर तास-दीड तासाला थोडे, आणि सरावात पोटाला मानवलेलेच.

सॅक पाण्यासह तीन-चार किलोंच्या वर जाऊ देऊ नका. तिच्यात दीड लिटर पाणी, पाऊसजॅकेट, झिपलॉक पिशवीत मोज्यांचा सुटा जोड, पट्टी-जेली, टोपी, सनस्क्रीन, शिट्टी, स्वतःची औषधे, चार्जिंगसाठी पॉवरबँक आणि नाव, रक्तगट, ॲलर्जी व घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद एवढे हवे. कात्री, मोठी पट्टी असले सामायिक सामान टीममध्ये एकदाच पुरे. मुक्कामाच्या बॅगेत प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून वर दिवसाचा आकडा लिहा. अंधारात, दमलेल्या हातांनी बॅग उपसायची वेळ येत नाही. तंबूत राहायचे असेल तर बॅगेला आतून मोठी प्लास्टिक पिशवी लावा. कानात घालायचे बोळे, हेडलॅम्प आणि मोकळ्या सपाता न विसरता घ्या. बाहेरून भडक रंगाची चिंधी बांधा, शेकडो बॅगांत आपली चटकन दिसते.

मुक्कामी पोहोचल्यावर क्रम असा ठेवा: बूट काढून इन्सोल बाहेर, पाय धुऊन कोरडे, फोडांची पाहणी, मग तासाभरात जेवण, आणि झोपण्याआधी पंधरा मिनिटे पाय उंचावर. मित्रांशी गप्पा मारत बूट घालून बसणे हा पाय बिघडवण्याचा सर्वांत आवडता मार्ग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली वीस मिनिटे अंग आखडलेले असणारच. मुद्दाम हळू चाला, ते बहुधा सुटते.

सुटत नाही ते ओळखायला हवे. चाल वाकडी करणारे दुखणे, हाडावर एकाच बिंदूला बोट लावताच होणारी वेदना, एकाच पोटरीची सूज, उन्हात असंबद्ध बोलणे: यांपैकी काही दिसले तर चाल तिथेच संपली, पुढे डॉक्टर. आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन चालू ठेवणे वाईट, कारण दुखापत झाकली जाते आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. गाडीत बसलेल्याने जमवलेला निधी कमी होत नाही, आणि हे त्याला टीमने आधीच सांगून ठेवलेले बरे.

शेवटच्या दिवशी गाडी चालवायला न चाललेला कुणीतरी बोलवा. देणगीचे पान अनेकदा वॉकनंतरही काही काळ उघडे राहते. ते बंद होण्याची तारीख बघून त्याआधी सगळ्यांना चाललेले अंतर, जमलेली रक्कम आणि एक फोटो पाठवा. देऊ म्हणून राहून गेलेले बरेच जण तेव्हा देतात. पावत्या कुणाला मिळाल्या नाहीत, याची यादी हिशेब सांभाळणाऱ्याने त्याच आठवड्यात आयोजकांकडे द्यावी.