रेड स्टार घेण्याआधी उलटा करून बघा

सोव्हिएत ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हे ताऱ्याच्या आकाराचं लष्करी पदक हाती आलं की आधी मागची बाजू पाहा: स्क्रू, रशियन लिपीतला टांकसाळीचा शिक्का आणि अनुक्रमांक. भिंगाखाली अंकांभोवती खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ नाही म्हणा. ब्रासो तर लावूच नका. सोबत पदकाची पुस्तिका असेल तर क्रमांक जुळवा. तिच्यातलं नाव रशियन संरक्षण मंत्रालयाच्या ‘पाम्यात नारोदा’ या संकेतस्थळावर रशियन लिपीत शोधा. महायुद्धातलं शिफारसपत्र सापडू शकतं. विक्रेत्याच्या शौर्यकथेला मात्र भुलू नका. १९४४ ते १९५७ या काळात हाच तारा १५ वर्षांच्या निव्वळ नोकरीसाठीही मिळत असे! आणि हो, रशियात फिरायला गेलात तर तिथे असं पदक विकत घेणं गुन्हा आहे.