कोबाल्टवरील तांब्याच्या थरात चुंबकत्वाचा ठसा कसा शोधावा

तांबे स्वतः चुंबकीय नाही. तरीही कोबाल्टवर चढवलेल्या तांब्याच्या पातळ थरात इलेक्ट्रॉनांचे वर्तन त्यांच्या स्पिनप्रमाणे, म्हणजे अंगभूत चुंबकीय दिशेप्रमाणे, बदलते. कोबाल्टमधील बहुसंख्य स्पिनच्या (ज्या दिशेचे इलेक्ट्रॉन जास्त असतात त्या स्पिनच्या) अवस्था तांब्याच्या अवस्थांशी बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन सीमा सहज ओलांडतात. फर्मी पातळीजवळील (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेजवळील) अल्पसंख्य स्पिनचे इलेक्ट्रॉन मात्र तेथून मोठ्या प्रमाणात परावर्तित होतात आणि एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट अशा कोंडीत सापडून क्वांटम वेल अवस्था (ठरावीक ऊर्जांच्याच कोंडलेल्या अवस्था) निर्माण करतात. फोटोइमिशनमध्ये, म्हणजे प्रकाशाने बाहेर काढलेले इलेक्ट्रॉन मोजताना, शोधायच्या आहेत त्या याच अवस्था.

तांब्याचा (001) पृष्ठभाग असलेला एकस्फटिक आर्गॉन आयनांच्या माऱ्याने स्वच्छ करून तापवावा. कक्षातील दाब 10⁻¹⁰ मिलिबारच्या आसपास असावा, कारण 10⁻⁶ मिलिबारला काही सेकंदांतच पृष्ठभागावर अवशिष्ट वायूचा थर बसू शकतो. त्यावर कोबाल्टचे सुमारे दहा अणुथर बसवावेत. दोन्ही धातूंच्या जालकांतील (अणूंच्या नियमित मांडणीतील) अंतरांची तफावत जेमतेम दोन टक्के असल्याने वाढ नीटस होते. त्यानंतरचा तांब्याचा थर एकाच जाडीचा न ठेवता पाचरीसारखा चढता ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे एकाच नमुन्यावर प्रकाशझोत सरकवून सर्व जाड्या तपासता येतात. कोबाल्ट बसवल्यानंतर नमुना जास्त तापवू नये, नाहीतर खालचे तांबे छिद्रांतून वर येते आणि सीमाच बिघडते.

खरी कसोटी मोजमापात लागते. बाह्य चुंबकीय क्षेत्र बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग वाकवते, म्हणून जवळच्या कुंडलातून क्षणभर प्रवाह सोडून कोबाल्ट त्याच्या प्रतलात चुंबकित करावा आणि नोंदी क्षेत्र बंद असताना, अवशिष्ट (मागे उरलेल्या) चुंबकनावर घ्याव्यात. मॉट शोधक स्पिन ओळखतो तो डावी-उजवीकडे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतील फरकावरून; पण उपकरणाची स्वतःची असममितीही त्यात मिसळते. त्यामुळे प्रत्येक नोंद चुंबकन उलटवून पुन्हा घ्यावी. हा शोधक फारच थोडे इलेक्ट्रॉन उपयोगी लावतो, तेव्हा आधी साध्या फोटोइमिशनने योग्य जाडी शोधून मगच त्यावर वेळ खर्च करावा.

पृष्ठभागाला लंब दिशेत पाहिल्यास जाडी वाढत जाताना दर सुमारे 5.9 अणुथरांनी एक शिखर फर्मी पातळी ओलांडते आणि ते मुख्यतः अल्पसंख्य स्पिनचे निघते. हा कालावधी (दोन शिखरांमधील जाडीचे अंतर) इतका लांब दिसतो, कारण इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीचा अर्धा भाग सुमारे 1.2 अणुथरांइतका असतो आणि जाडी मात्र पूर्ण थरांनीच वाढते. दोन कोबाल्ट थरांमधील चुंबकीय जोडणी हाच कालावधी पाळते. ब्रुनो आणि शापेर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1991 साली त्याबरोबर 2.6 थरांच्या छोट्या कालावधीचेही भाकीत केले होते. तो लंब दिशेत सापडत नाही, त्यासाठी शोधक तिरका वळवावा लागतो.