पक्ष्यांच्या पेटीत कॅमेरा लावताय? या चुका टाळा

२० मार्चचा चिमणी दिन झाला की बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडनं मला फोन सुरू. बॉक्स आणला, कॅमेरा आणला, आठ दिवस झाले, एक पक्षी फिरकत नाही. अहो फिरकणार कसा? पक्षी जागा आधीपासनं हेरून ठेवतात, पेटी डिसेंबर-जानेवारीतच टांगायला पाहिजे आणि कॅमेरा टांगायच्या आधी आत बसवायला पाहिजे. नंतर अजिबात नाही.

नंतर हात घातला की काय होतं ते मी भोगलंय. मागच्या अंगणात चिक्कूजवळच्या भिंतीवर पेटी होती, समोरनं अर्धी उघडी, कारण दयाळ काही चिमणीच्या ३२ मिलिमीटरच्या भोकातनं आत जात नाही. एप्रिलात जोडी आली, नर रोज पहाटे अँटेनावर बसून गायचा, तीन अंडी झाली, निळसर-हिरवी आणि वर तपकिरी ठिपके. पण चित्र धुरकट दिसत होतं. मादी बाहेर गेलेली बघून मी शिडी लावली, म्हटलं दोन मिनिटांत भिंग फिरवून उतरतो. फोकस झाला, एकदम स्वच्छ. त्या स्वच्छ चित्रात मला पुढचे चार दिवस नुसती तीन अंडी दिसत राहिली. मादी वायरवर यायची, शेपूट उडवायची, परत जायची, आत नाही आली. शेजारच्या आजी म्हणाल्या हाताचा वास लागला. वासाचं काही नसतं हो, अंडी घालायच्या दिवसांत घरट्यापाशी गडबड झाली की पक्षी ती जागाच धोक्याची समजून सोडतो. वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरलंय, ते उगीच नाही. आता अंडी दिसली की आमच्या घरात शिडीला कुलूप.

म्हणून फोकस खाली टेबलावरच करायचा. हे कॅमेरे लांबचं बघायला सेट करून येतात, पेटीत अंतर जेमतेम वीतभर. भिंगाला गोंदाचा ठिपका असतो तो हलक्या हातानं सोडवायचा, मग भिंग थोडं थोडं फिरवायचं. पण रिकाम्या तळावर फोकस करू नका, सगळे तिथंच फसतात! पक्षी काड्या-गवत आणून तळ चार बोटं तरी वर आणतो, वर स्वतः बसतो. मी मूठभर काथ्या टाकून त्यावर पेपरचा तुकडा ठेवतो, छोट्या जाहिराती वाचता आल्या की झालं काम.

कॅमेऱ्याचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटरचे घ्या, ते डोळ्यांना दिसत नाहीत, ८५० वाले अंधारात लालसर दिसतात. एवढ्याशा पेटीत सगळे दिवे पेटले की चित्र पांढरंफटक होतं, दोन-तीन दिव्यांवर कागदी टेप चिकटवा.

भोकाखाली काडी लावलेली पेटी घेऊ नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला बसायला मात्र सोय होते. दुकानात चांगली दिसते म्हणून लोक नेमकी तीच उचलतात.

पश्चिमेच्या उन्हात पत्र्याची पेटी नको, एप्रिल-मेमध्ये पिल्लं भाजतील. आत दाणे टाकायचे नाहीत, मुंग्या येतात. वायर पेटीच्या खालून वळसा देऊन आत घ्या, नाहीतर वळवाचं पाणी वायरवरनं सरळ घरट्यात. लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस.

पिल्लं मोठी झाल्यावर तर झाकण मुळीच उघडू नका, घाबरून वेळेआधी उड्या मारतात आणि खाली मांजर बसलेलंच असतं.

साफसफाई मी खंडेनवमीला हत्यारं पुसताना करतो. जुनं घरटं काढायचं, उकळतं पाणी फिरवायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि फोकस परत एकदा पेपरवर बघून घ्यायचा.