रोटरी इंजिन पुन्हा बांधताना या चुका टाळा

"सीलचा सेट मागवून ठेवलाय, आता इंजिन खोलतो." रोटरीच्या, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या, कामाची सुरुवात बरेच जण अशी करतात आणि पहिली चूक तिथेच होते. इंजिन कशाने गेलं हे अजून कळलेलं नसतं, पण सुटे भाग ठरलेले असतात. मग नवेकोरे सील झिजलेल्या हाउसिंगमध्ये (रोटर ज्यात फिरतो त्या कवचात), जुन्याच पंपावर आणि जुन्याच रेडिएटरवर चालू होतात आणि थोड्याच महिन्यांत इंजिन परत टेबलावर येतं.

खाली दिलेले आकडे माझदाच्या 13बी इंजिनाचे आहेत, कारण बांधायला येणारी बहुतेक रोटरी इंजिनं याच घराण्यातली असतात. माझदाच्याच आरएक्स-8 गाडीमधलं रेनेसिस इंजिन त्याचंच धाकटं भावंड, पण काही बाबतींत वेगळं. तुमच्या गाडीच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

कॉम्प्रेशन न घेता इंजिन उतरवणं

इंजिन गाडीत आहे तोवरच ते बोलतं. एका रोटरचे तीन कप्पे असतात, म्हणून दर रोटरमागे कॉम्प्रेशनचे (कप्प्यात हवा दाबल्यावर तयार होणाऱ्या दाबाचे) तीन आकडे मिळायला हवेत. त्यासाठी रोटरीचा खास टेस्टर लागतो. पिस्टन इंजिनाचा साधा गेज तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि दोन कप्पे मेलेले असले तरी "ठीक आहे" म्हणतो. साधाच गेज हाताशी असेल तर त्याचा व्हॉल्व्ह दाबून धरा, स्टार्टर मारा आणि काटा पाहा. तीन सारख्या उड्या हव्यात.

250 आरपीएमला आरएक्स-7 च्या 13बी मध्ये साधारण 690 किलोपास्कल मिळायला हवेत आणि 590 ही खालची मर्यादा. रेनेसिसमध्ये हेच 830 आणि 680. कप्प्याकप्प्यांतला फरक 150 च्या वर नको. पण खरी माहिती आकड्यांच्या जोडणीत असते. एका रोटरचे दोन कप्पे पडले आणि तिसरा चांगला असेल, तर बहुधा एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलेलं आहे, कारण एक एपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असते. एकच कप्पा पडला असेल तर संशय रोटरच्या सपाट बाजूवरच्या साइड सीलवर. तिन्ही सारखेच कमी असतील तर सगळीकडून झीज. दोन्ही रोटर अगदी सारखे कमी दाखवत असतील, तर आधी बॅटरी आणि स्टार्टर तपासा. इंजिन 200 नेच फिरत असेल तर कमी आकड्याचा दोष इंजिनाचा नाही.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा. इंजिन खोलल्यावर कुठे बघायचं ते हाच कागद सांगतो.

तुटलेलं सील बदललं, तोडणारं कारण तसंच

एपेक्स सीलचा कोपरा उडालेला असेल तर बहुतेक वेळा दोष डेटोनेशनचा (इंधन स्फोटासारखं पेटण्याचा) असतो. इंधन कमी पडलं, इग्निशन जास्त पुढे होतं किंवा बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवून इंजेक्टर आणि पंप जुनेच ठेवले होते. हे दुरुस्त केल्याशिवाय कितीही महागडं सील घातलं तरी तेच होणार. शिवाय उडालेला तुकडा एक्झॉस्टमधूनच बाहेर जातो. टर्बो इंजिन असेल तर टर्बाइनच्या पात्या उजेडात धरून पाहा. पात्यांना टवके गेलेले टर्बो नव्या इंजिनावर चढवलेले मी पाहिले आहेत आणि मालकाला वाटत होतं की काम पूर्ण झालं.

डेटोनेशनचा आणखी एक घाव सहज नजरेतून सुटतो. रोटरवरची एपेक्सची खाच चेपते. नवीन सील स्प्रिंगशिवाय खाचेत ठेवा आणि बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. ते स्वतःच्या वजनाने खाली बसलं पाहिजे. एखाद्या जागी अडलं तर सील घासू नका, दोष रोटरचा आहे.

इंजिन तापून गेलं असेल तर आतल्या बाजूचं कूलंट सील गेलेलं असतं. खुणा ठरलेल्या आहेत: सकाळी सुरू करताना पांढरा धूर, एखादा प्लग ओला, कूलंटच्या टाकीत बुडबुडे. 1986 पासूनच्या इंजिनांत या सीलची खाच साइड हाउसिंगमध्ये (रोटरच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागांत) आहे, त्याआधी ती रोटर हाउसिंगमध्ये (रोटरभोवतीच्या कड्यात) होती. नवीन रबर घालण्याआधी खाचेची आतली बारीक भिंत तपासा. तिथे गंज किंवा केसाएवढी तडा असेल तर सील धरणार नाही. आणि इंजिन मुळात का तापलं, हा प्रश्न उरतोच. शेवटच्या आरएक्स-7 मध्ये हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची छोटी टाकी होती. जुनी झाली की ती तडकते आणि गाडी चालता चालता कूलंट निघून जातं. अॅल्युमिनियमची टाकी घालणं या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी सुधारणा आहे.

मोजमाप सोडून नजरेवर भरवसा

रोटरीत खरा खर्च सीलचा नसतो, हाउसिंगचा असतो. म्हणूनच "चालून जाईल" हे वाक्य हाउसिंगच्या बाबतीतच जास्त ऐकू येतं.

रोटर हाउसिंग अॅल्युमिनियमचं असलं तरी आतल्या पृष्ठभागावर पोलादी पत्रा आणि त्यावर कठीण क्रोम असतं. क्रोम कडेने उडायला लागतं. कडेवरून नख फिरवा. नख अडत असेल तर तिथे सील रोज घासलं जाणार. हाउसिंगची जाडीही मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा, प्लगच्या भोकाजवळ तर नक्कीच. तिथली उष्णता सगळ्यात जास्त असते आणि जाडी तिथेच बदलते. फरक 0.06 मिमीच्या वर गेला तर ते हाउसिंग बाजूला ठेवा.

साइड हाउसिंगवर साइड सीलच्या वाटेने पायरी पडते. मर्यादा 0.10 मिमी, आणि वाकलेपणाची 0.04 मिमी. पायरी मोठी असेल तर लॅपिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेतात, आणि ते योग्यच आहे. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. पृष्ठभाग नायट्राइडिंगने कठीण केलेला असतो. लॅपिंगमध्ये तो थर निघून गेला आणि पुन्हा नायट्राइड केला नाही, तर खालचं मऊ ओतीव लोखंड (बीड) लवकर झिजतं. दुसरं म्हणजे, खाच साइड हाउसिंगमध्ये असलेल्या इंजिनांत धातू उतरला तेवढी कूलंट सीलची खाच उथळ होते. लॅपिंग झालं म्हणून खूश होऊन खाचेची खोली न तपासता इंजिन बांधलं, तर रबर चिरडतं.

एपेक्स सीलची उंची 2 मिमीच्या सीलमध्ये नवं असताना 8 मिमी असते आणि 6.5 च्या खाली ते वापरू नये. ऑइल कंट्रोल रिंगची टेकणारी धार 0.5 मिमीपेक्षा रुंद झाली तर ती रिंगही बदला. रिंगच्या आतले ओ-रिंग मात्र कधीच पुन्हा वापरू नका. तापून कडक झालेला ओ-रिंग प्लॅस्टिकसारखा कट् आवाज करून तुटतो, आणि निळा धूर तिथूनच येतो.

साइड सील: सगळ्यात जास्त घाई इथेच होते

एका रोटरला सहा साइड सील आणि सहा कॉर्नर सील (एपेक्स आणि साइड सील जिथे मिळतात तिथले छोटे गोल सील). साइड सील मुद्दाम थोडं लांब येतं आणि प्रत्येक जागेसाठी घासून बसवावं लागतं. साइड सीलचं टोक आणि कॉर्नर सील यांच्यात 0.05 ते 0.15 मिमी फट हवी. मी स्वतः 0.05 च्या जवळ ठेवतो.

ही पद्धत हळू आहे आणि तिला पर्याय नाही. कॉर्नर सील जागेवर बसवा, साइड सीलचं एक टोक त्याला टेकवा, दुसऱ्या टोकाशी फीलर गेज घाला. पट्टी अडली तर सील काढा, बारीक कानशीवर किंवा सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर दोन-तीनदा ओढा, पुसा, पुन्हा बसवा. टोकाचा मूळ आकार बिघडू देऊ नका. जास्त घासलं गेलं तर ते सील त्या जागेसाठी वाया गेलं, पण दुसऱ्या जागी कदाचित बसेल. जुळलेलं प्रत्येक सील रोटर, बाजू आणि क्रमांक लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. दोन रोटर मिळून बारा पाकिटं. एक पाकीट चुकलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

फट न ठेवता दाबून बसवलेलं सील गरम झाल्यावर वाढतं, कॉर्नर सीलला रेटतं आणि ते अडकून बसतं. उलट 0.4 मिमीपर्यंत मोकळं सोडलं तर गरम इंजिन सुरू व्हायला नखरे करतं. "थंड असताना लगेच सुरू होतं, पेट्रोल भरायला थांबलो की सुरू होत नाही" ही तक्रार ऐकली की माझं पहिलं लक्ष इथेच जातं.

अपग्रेड, पण जोडीदाराशिवाय

हलकं फ्लायव्हील हे सगळ्यांचं आवडतं अपग्रेड. मूळ मॅन्युअल फ्लायव्हीलमध्येच मागचा काउंटरवेट (रोटरचा तोल राखणारं वजन) असतो. ते काढून हलकं घातलं की काउंटरवेट वेगळा लावावा लागतो, आणि तो तुमच्या रोटरच्या वजनाशी जुळणारा हवा. वेगवेगळ्या वर्षांच्या रोटरची वजनं वेगळी आहेत. 9.0 कॉम्प्रेशनचे टर्बो रोटर घालून जुन्या 8.5 वाल्यांचे काउंटरवेट ठेवले, तर इंजिन आयुष्यभर थरथरतं आणि बेअरिंग त्याची किंमत मोजतात. रोटर बदलले तर पुढचा आणि मागचा काउंटरवेट त्यांच्याबरोबरच बदला. आणि 54 मिमीचं ते भलंमोठं नट 392 ते 490 न्यूटन मीटरला घट्ट करायचं असतं. इम्पॅक्ट गन मारून "बसलं" म्हणू नका.

2 मिमीच्या खाचा 3 मिमी करून जाड एपेक्स सील घालतात. जास्त बूस्टच्या गाडीत त्याला अर्थ आहे. रस्त्यावरच्या गाडीला मी तसं सुचवत नाही, कारण कापलेली खाच परत भरता येत नाही. सीलचा धातू निवडतानाही हाउसिंगचा विचार करा. फार कठीण सील स्वतः टिकतं आणि क्रोम खातं. रेनेसिसचे एपेक्स सील उंचीला कमी आहेत, साइड सीलचा आकारही वेगळा आहे. ते आणि जुन्या 13बी चे एकमेकांत मिसळू नका.

ऑइल मीटरिंग पंप (सीलसाठी इंजिनात थोडं थोडं तेल सोडणारा पंप) काढणार असाल तर पेट्रोलच्या टाकीत टू-स्ट्रोक ऑइल मिसळणं तेव्हापासून बंधनकारक आहे, प्रत्येक वेळी. एपेक्स सीलला दुसरं वंगण नाही. पंप ठेवणार असाल तर त्याच्या बारीक नळ्या बदला. जुन्या नळ्या हात लागताच मोडतात.

एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटर ज्यावर बसतात त्या मुख्य शाफ्टच्या) पुढच्या टोकात तापमानावर चालणारी एक छोटी पेलेट असते. इंजिन थंड असताना ती रोटरकडे जाणारं तेल रोखते. ती निकामी झाली तर गरम इंजिनातही रोटरला तेल नीट पोचत नाही. तिच्या जागी घन तुकडा घाला. काम पाच मिनिटांचं, पण इंजिन उघडं असतानाच सोयीचं.

पोर्टिंगबद्दल (पोर्ट, म्हणजे हवेच्या आत-बाहेरच्या वाटा, कापून मोठे करण्याबद्दल) एवढंच: कॉर्नर सील आणि ऑइल रिंग जिथून फिरतात ती वाट ओलांडू नका, आणि पोर्टची बंद होणारी कड गुळगुळीत उतरती करा. टेम्प्लेट नसेल तर पोर्टला हात लावू नका.

पुढच्या टोकाचं सुई बेअरिंग

ही चूक माझ्या हातून झाली आहे. इंजिन आडवं ठेवून मी पुढचा मधला बोल्ट घट्ट केला. टॉर्क बरोबर लागला, पण शाफ्ट हाताने फिरवताना जड वाटला. "नवीन सील आहेत, असेल घट्ट," असं मनाशी म्हणून पुढे गेलो. थ्रस्टचं सुई बेअरिंग जागेवरून खाली घसरलं होतं आणि स्पेसरच्या कडेखाली चिरडलं गेलं होतं. पुढचं कव्हर काढलं तेव्हा सुया बोटांना चिकटून बाहेर आल्या.

त्यानंतर एक नियम केला. इंजिनाचं नाक वर ठेवायचं, बेअरिंग पेट्रोलियम जेलीने चिकटवायचं, मगच हब बसवायचा. बोल्ट घट्ट झाल्यावर डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे चाल मोजायची. ती 0.04 ते 0.07 मिमी हवी, 0.09 च्या वर गेली तर स्पेसर बदलायचा. चाल शून्य असेल किंवा शाफ्ट अडत असेल तर तिथेच थांबायचं. पुढे कधी पुलीचा मधला बोल्ट सोडायची वेळ आली तरी हेच लागू आहे, कारण हब पुढे आला की बेअरिंग पुन्हा पडतं.

थर रचताना सिलिकॉन कमी वापरा. दाबलं गेल्यावर आत आलेला प्रत्येक थेंब तेलाच्या वाटेत जाऊ शकतो. कूलंट सील खाचेत धरायला पेट्रोलियम जेली पुरते. लांब टेन्शन बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी 32 ते 39 न्यूटन मीटरला. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट फिरवून पाहा. ज्या टप्प्याला अडला, चूक त्याच टप्प्यातली असते.

पहिल्यांदा सुरू करताना

इंधन आणि इग्निशन बंद ठेवून तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. प्लग अदलाबदल करू नका: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग, आणि आरएक्स-8 मध्ये दोन्हींचे प्लग वेगळे आहेत. सुरुवातीचा दाट धूर जेली आणि जोडणीच्या तेलाचा असतो, त्याने घाबरू नका. पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर कूलंट सील बघा. निळा धूर राहिला तर ऑइल रिंग.

नव्या इंजिनाचं कॉम्प्रेशन पहिल्या दिवशी थोडं कमी येतं, सील हाउसिंगशी बसायला वेळ लागतो. पहिले 1500 किमी बूस्ट नको, आरपीएम कमी-जास्त करत चालवा. तेल आणि फिल्टर लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उघडून पाहा. मग कॉम्प्रेशन पुन्हा घ्या आणि इंजिन उतरवण्याआधी लिहिलेल्या कागदावर, जुन्या सहा आकड्यांच्या शेजारी, नवे सहा लिहा.