'पुट' हा शब्द नीट कसा शिकावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल हळदीचं पोतं ठेवतो. घरी आई आमटीत मीठ घालते, आजी कपाळाला कुंकू लावते, कुणी पेटीत पत्र टाकतं. इंग्रजीत या चारही कामांना एकच क्रियापद चालतं: पुट. आपण वस्तू आणि जागा पाहून शब्द बदलतो. म्हणूनच 'पुट म्हणजे ठेवणे' एवढंच पाठ केलेलं मूल मिठापाशी अडखळतं. माझ्या शिकवणीत मी हा शब्द असा घेते.

आधी पाठांतर सोडा. रोजच्या कामांची दहा वाक्यं काढा आणि प्रत्येकात विचारा: वस्तू शेवटी कुठे गेली? हे उत्तर इंग्रजी वाक्यात लागतंच. मराठीत 'पुस्तक ठेवलं' म्हटलं की भागतं. 'आय पुट द बुक' मात्र अधुरं राहतं, 'ऑन द टेबल' जोडावं लागतं. आपल्या मुलांची ही चूक हमखास होते.

रूपांना दोन मिनिटं पुरेत. भूतकाळातही पुटच, 'पुटेड' नाही.

खरा वेळ मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांना द्या, कारण तिथे अर्थच पालटतो. कृष्णेला पूर आला आणि सहल पुढे ढकलली, तर पुट ऑफ. आग विझवली, तर पुट आउट. शेजारचा गोंगाट सोसला, तर पुट अप विथ. पुट ऑन जरा जपून: सकाळी स्वेटर अंगात चढवला ते पुट ऑन, दिवसभर अंगात राहिला, त्याला वेअर. सर्वनाम आलं की ते मध्ये बसतं, 'पुट इट ऑफ'. पण 'पुट अप विथ इट' मधले तीन शब्द तुटत नाहीत. आणि 'कुठे उतरलात?' यासाठी आपल्याकडे 'पुटिंग अप' सर्रास म्हणतात, ते परदेशात 'स्टेइंग' म्हणा.

शेवटी भडंगाची कृती इंग्रजीत लिहायला लावा. कढईत तेल, मग लसूण, शेंगदाणे, हळद, तिखट, चुरमुरे. गार झाल्यावर डब्यात, वर झाकण. सगळीकडे पुट बसतो. फक्त गॅस बंद करताना थांबा: तिथे 'टर्न ऑफ' लागतं.